टिपणीसांचे तीन अल्बम

"स्वरयंत्र निकालना पड़ेगा," डॉक्टर हिंदीत म्हणाले, "जान बच जाएगी. आवाज नहीं बचेगी."

सूर्यकांत टिपणीसांनी सगळा जन्म केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काढला होता. वाईट बातमी शांत, सभ्य भाषेत ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. त्यांनी नेहमीप्रमाणे बेताने मान हलवली आणि एवढंच विचारलं, "कब?" जणू विषय त्यांच्या टेबलावरून दुसऱ्या विभागाकडे चालला होता.

"अगले हफ्ते. देर तो पहले ही हो गई है."

उशीर झाला त्याला कारण दिल्ली. या शहरात नोव्हेंबरात ज्याचा घसा बसत नाही तो माणूस संशयास्पद. टिपणीसांचा आवाज दिवाळीला बसला तेव्हा घरातले, सोसायटीतले, मेट्रोतले, सगळ्यांचेच बसले होते. बाकीच्यांचे होळीपर्यंत उठले. टिपणीसांचा बसूनच राहिला आणि ज्येष्ठमध, हळद-दूध, गरम पाण्याच्या गुळण्या असं करत उन्हाळा आला. आता ते बोलले की खडीच्या रस्त्यावरून रिकामी हातगाडी गेल्यासारखं वाटे.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या घरी आल्यावर अरुणाने चप्पलही न काढता सांगितलं, "अहो, मला तुमचा आवाज हवाय."

"म्हणजे?"

"ठेवून घ्यायचाय. हा नाही, खराखुरा. आधीचा."

"एवढे फोटो आहेत की."

"फोटो काय, 'अगं, माझा चष्मा कुठाय' म्हणतो?"



मुलगी वीणा गुरगावहून आली आणि तिने सगळ्यांचे मोबाइल पालथे घातले. त्यातून एक भयंकर गोष्ट बाहेर आली: बाबांचा आवाज कुठेच नव्हता. व्हॉट्सअॅपवर बाबा फक्त अंगठा पाठवत. वाढदिवसाच्या व्हिडिओत ते मागे उभे राहून टाळ्या वाजवत. वीणाच्या लग्नाची फिल्म तर अख्खी सनई आणि हिंदी गाण्यांनी भरलेली. बाबा तोंड हलवतायत, आवाज भलत्याच गायकाचा. "बाबा, यू आर लाइक अ सायलेंट मूव्ही, यार," वीणा हसत म्हणाली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

तेव्हा टिपणीस चाचरत म्हणाले, "तीन अल्बम आहेत ना माझे."

वीणा बाहेर आली. "कसले अल्बम?"

मुलीला हे ठाऊकच नव्हतं. टिपणीसांनी कधी सांगितलं नव्हतं आणि अरुणाला सांगायची बंदी होती.

त्याचं असं झालं होतं. चौऱ्याऐंशीच्या सुमारास रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरांत चार बाबूपुत्रांनी बँड काढला. नाव 'पेंडिंग फाइल्स'. विलायतेत तेव्हा न्यू वेव्ह नावाचं प्रकरण चाललं होतं: गिटार कमी, कीबोर्ड जास्त, बारीक टाय, डोळ्यांवर काळा चष्मा आणि चेहऱ्यावर पगार न झाल्यासारखा भाव. हा शेवटचा भाग आपल्या मुलांना शिकावा लागला नाही. कीबोर्डवर भालचंद्र कोतवाल, गायक सूर्यकांत. गाणी इंग्रजी, विषय दिल्लीचे: डीटीसीची बस, लंच अवरमधला ताश, वडिलांची बदली. पहिला अल्बम 'इन ट्रिप्लिकेट', दुसरा 'लंच अवर', तिसरा 'प्लीज स्पीक'. साहेब लोक फायलीच्या कडेला हे दोन शब्द लिहून फाइल परत पाठवतात ना, ते.

कॅसेटी काढल्या करोल बागेतल्या एका कंपनीने. तिचा मुख्य धंदा देवीच्या जागरणातल्या भजनांचा. मालक फार प्रेमळ होता. प्रत्येक वेळी लस्सी पाजायचा आणि हिशेबाचा विषय निघाला की आणखी एक पाजायचा. पहिला अल्बम कॉलेजांत थोडा वाजला. दुसरा मित्रांनी घेतला. तिसऱ्यासाठी सूर्यकांतने हातातली बँकेची नोकरी सोडली आणि त्या कॅसेटी पोत्यांत भरून परत आल्या.

वडील अण्णासाहेब त्या पोत्यांकडे बघून काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "गाऊन झालं ना? आता बोलू नकोस, परीक्षेला बस." सूर्यकांत परीक्षेला बसला, मंत्रालयात लागला आणि 'बोलू नकोस' हा भागही त्याने जन्मभर पाळला. लग्न झाल्यावर घरात कोऱ्या कॅसेटी कमी पडू लागल्या तेव्हा त्याने स्वतःच आपल्या अल्बमांवर हात टाकला. छापील कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन भोकं असतात. ती चिकटपट्टीने बुजवली की तिच्यावर काहीही भरता येतं. त्याने सगळ्यांची भोकं बुजवली आणि अरुणाला म्हणाला, "घे. तुझ्या आईला पत्रं पाठव."

कारण अरुणाची आई साताऱ्याला होती आणि तिला वाचता येत नव्हतं. ट्रंक कॉल परवडत नसे. तेव्हा दिल्लीतल्या कितीतरी मराठी बायका बोलकी पत्रं पाठवत: कॅसेटीवर बोलायचं आणि गावी जाणाऱ्याच्या हाती द्यायचं. 'पेंडिंग फाइल्स'वर अशा रीतीने बाळंतपण, पुरणपोळी बिघडल्याची हकिगत आणि शेजारच्या मिसेस खुराना जाऊन बसल्या.

तर घरात अल्बम नव्हते. पण भालचंद्राकडे असणार. भालचंद्र फरीदाबादला. टिपणीसांनी वर्षानुवर्षं त्याला फोन केला नव्हता. अरुणानेच केला आणि दोघं मेट्रोने मंडी हाउसला गाडी बदलून पोचले.

भालचंद्र दारातच म्हणाला, "ये, साल्या. मरायला टेकलास तेव्हा आठवण आली?"

"भावजी!" अरुणा म्हणाली.

"सॉरी वहिनी. पण हा बँड सोडून गेला तेव्हा 'जातो'सुद्धा म्हणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला आलाच नाही, बस."

टिपणीसांनी खाली बघितलं. बोलायचं ते तेव्हाच राहून गेलं होतं. आता खडखडाट करून काय उपयोग होता?

भालचंद्राकडे तिन्ही होते, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. त्याने डेक लावला. आणि एक कोवळा, नाकातून इंग्रजी बोलणारा पोरगा गाऊ लागला.

अरुणाने दोन मिनिटं ऐकलं. "हे कोण?"

"हाच की, वहिनी!"

"चला, काहीतरीच. यांचा आवाज असा पिपाणीसारखा कधी होता?"

"ती करोल बागची करामत. टेप वाचवायला तो कंपनीवाला लालाजी कॉपी करताना गाण्यांचा वेग वाढवायचा. सगळ्या दिल्लीने याला सोळा वर्षांचा समजून ऐकलं." भालचंद्राने मागचा स्क्रू पिळला. गाणं सावकाश झालं, आवाज खाली उतरला, भारदस्त झाला. "घ्या. हा सूर्या."

अरुणाने डोळे मिटले. टिपणीस नवऱ्या मुलासारखे सतरंजीकडे बघत बसले.

"गळा यांचाच आहे," ती शेवटी म्हणाली, "पण माणूस दुसराच आहे. हा लंडनला राहतो. माझ्याशी काय बोलणार हा?"

भालचंद्र हसला नाही. त्याने स्क्रू जागेवर आणला आणि डेक पिशवीत घालून तिच्या हाती दिला. "घेऊन जा. फोनवर म्हणालात ती बोलकी पत्रं असतील ना कुठे?"

होती. आई गेल्यावर भावाने साताऱ्याहून डबाभर कॅसेटी परत पाठवल्या होत्या आणि अरुणाने तो डबा कधी उघडला नव्हता. आता रविवारी दुपारी तिने तो उघडला. टिपणीस समोर बसले, वीणाही.

प्रत्येक पत्रात अरुणा भरभरून बोलत होती. शेवटी दर वेळी, "आई, आता हे बोलतील हं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खाकरणं. मग, "हं... नमस्कार. ठीक आहे सगळं." संपलं. पुढच्या कॅसेटीत, "नमस्कार. थंडी आहे." त्याच्या पुढच्यात नुसतंच खाकरणं. सासूशी जावयाने फार बोलू नये हा एक रिवाज आणि त्यात हे जावई. आणि पत्र संपलं की जिथे टेप उरली होती तिथे मधल्याच ओळीपासून तो लंडनचा पोरगा गळा काढून गाऊ लागे.

"बाबा, यू आर इम्पॉसिबल," वीणा म्हणाली. या वेळी ती बाथरूममध्ये गेली नाही.

एका कॅसेटीत मात्र अरुणा लाडात आली होती. "आई, तुला ठाऊक नाही, तुझे जावई गायचे बरं का! तीन कॅसेटी निघाल्यात. थांब, म्हणायला लावते. अहो, म्हणा ना एक ओळ आईसाठी..."

आणि एक आवाज आला. स्वच्छ, खालचा, संतापलेला. "बंद कर ते! किती वेळा सांगायचं, मी गात नाही. कधी गात नव्हतो. पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही, समजलं?"

खट्.

अरुणाला ती दुपार आठवत होती. ती कॅसेट तिने तशीच साताऱ्याला जाऊ दिली होती आणि त्यानंतर बरेच दिवस पत्रच पाठवलं नव्हतं.

टिपणीस उठले आणि त्या खडीच्या आवाजात म्हणाले, "दुसरं भरू आपण. उद्या. चांगलं काहीतरी बोलतो."

दुसऱ्या दिवशी वीणाने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, बोला. कुछ भी. आईशी बोला."

"प्रिय अरुणा," ते म्हणाले आणि अडकले. "उपरोक्त... नाही. हे बघ अरुणा..." मग खोकला आला. "उद्या बोलतो. विचार करून."

आयुष्यभर त्यांनी मसुदा केल्याशिवाय एक ओळ बाहेर जाऊ दिली नव्हती. त्या दिवशी ते दुपारभर खिडकीशी बसून विचार करत राहिले आणि अरुणाने, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांना हलवलं नाही. संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना. सोसायटीच्या गेटवर अॅम्ब्युलन्सला पार्किंगवरून अडवणाऱ्या चौकीदाराला "जाने दे भाई" असं काहीसं ते म्हणाले. ते शेवटचं. हॉस्पिटलात घशाला भोक पाडून नळी घातली आणि दोन दिवसांनी स्वरयंत्र काढलं.

घरी आल्यावर वीणाने त्या कॅसेटीतला तो तुकडा आईच्या मोबाइलवर भरून दिला. दुसरं काही भरण्याजोगं सापडलं नव्हतं. मोबाइलवरची खडीच्या आवाजातली अर्धी वाक्यं ऐकवून बघितली, पण अरुणाने मान फिरवली.

अरुणा भाजी निवडायला बसली की तो तुकडा लावते. पहिल्यांदा लावला तेव्हा टिपणीसांनी आता बोलण्याच्या जागी आलेली पाटी ओढली आणि लिहिलं: 'पुसून टाक.' तिने वाचलं आणि मेथीची जुडी सोडायला घेतली.

त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरांत: 'रागावलो होतो. तू ऐकू नयेस.'

"मग काय ऐकू?" ती म्हणाली. "ठीक आहे, थंडी आहे?"

टिपणीसांनी पाटी पुसली, खडू हातात धरला. बराच वेळ मसुदा सुचला नाही. मग त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि तिच्यासमोरची मेथी निवडायला घेतली.

"राहू दे," अरुणा म्हणाली, त्यांच्याकडे न बघता. "ओरडलात, पण त्या दिवशी पूर्ण वाक्यं बोललात."

तिने पुन्हा बटण दाबलं.