सुमनच्या गाड्या मी वाटून टाकल्या

सुमनशी, म्हणजे माझ्या बायकोशी, माझं शेवटचं बोलणं झालं ते एका चेनवरून. गळ्यातली नव्हे, पँटला लावतात ती चेन. दवाखान्यात नाकाला नळी लावलेली, तरी मला म्हणाली, "पितळी आणा हो, प्लास्टिकची नको. दात बारीक बघून घ्या." मी म्हणालो, "आधी घरी तर चल, मग चालव तुझा रणगाडा." तिने तोंड भिंतीकडे केलं... चिडली का हसली ते कळलं नाही. मी चहा प्यायला खाली गेलो. वर आलो तर नर्सबाई तिच्या बोटाला लावलेलं मशीन काढून घेत होती. दोन महिने होत आले आता. मी चौथी शिकलेला पंक्चरवाला, लिहायची सवय नाही. पण तोंडाने सांगायला गेलो तर लोक मध्येच "जाऊ द्या बाबा" म्हणतात, म्हणून लिहितो.

देवळाली कॅम्पात भगूरच्या रस्त्याला आमचं घर. मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, बाहेर पत्र्याखाली माझं दुकान. वर्दी आत घ्यायला, फीत लावायला जवान लोक तिच्याकडे यायचे आणि त्यांच्या गाड्या दारात उभ्या राहायच्या. त्या बघून बघून तिला नाद लागला. तळहातावर मावतील एवढ्या लष्करी गाड्या ती करायची. जीप, ट्रक, तोफ, रणगाडा. बटणावर बटण चिकटवून चाक, पितळी चेनचा रणगाड्याचा पट्टा, पेनाच्या रिफिलची तोफेची नळी. ट्रकवरची ताडपत्री वर्दीच्या उरलेल्या कापडाची, हाताने शिवलेली, कडेला दोरी ओवायला भोकंसुद्धा. लोक ज्या फळीवर लोणच्याच्या बरण्या ठेवतात त्या फळीवर आमच्याकडे तोफा. ती फळी माझ्या खाटेच्या डोक्यावरच होती. मी दुकानात चारचौघांना सांगायचो, "आमच्या मंडळींनी म्हातारपणी भातुकली मांडलीय, पण भांड्यांची नाय, बंदुकांची." सगळे हसायचे. आतून तिचा आवाज यायचा, "हसा, हसा. तुमच्या टायरातली हवा रोज जाते, माझ्या गाडीची कधी गेली का?" मग लोक माझ्यावर हसायचे.

तेराव्याच्या दिवशी माझी थोरली बहीण, अक्का, मला बाजूला घेऊन म्हणाली, "एकनाथ, तिचा जीव त्या गाड्यांत होता. घरात ठेवशील तर तिथंच घुटमळंल. वाटून टाक, सुटंल बिचारी." आमच्यात गेलेल्या बाईची साडी देतात, भांडं देतात. मी जेवायला आलेल्या घराघराला एकेक गाडी दिली. पत्रावळ्या उचलायच्या आधी फळी रिकामी. कुठली गाडी कुणाच्या हातात गेली तेही बघितलं नाही. माणसं म्हणाली, एकनाथरावांचं मन मोठं. मला ते ऐकून बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर डोक्यावरची ती फळी मला बघवत नव्हती, म्हणूनही बरं वाटलं...

नंतर एक दिवस हिरामण आला. सटाण्याकडचा माणूस, फौजेत ड्रायव्हर होता, आता रिटायर होऊन गावी असतो. नाशिकरोडला लेकीकडे आला तेव्हा त्याला बातमी कळली. दारातच चपला काढून उभा राहिला, डोळे पुसले. मग घुटमळत म्हणाला, "भाऊ, मनी गाडी कोठे शे? जरा दाखाडा ना."

मला समजेना. "कुठली तुमची गाडी?"

"पाण्याचा टँकर. बर्फात पोस्टिंग होतं तेव्हा तोच चालवायचो. त्या गाड्यांचे फोटो काढायला बंदी आम्हाला. घरी बायकोला, पोरांना काय दाखवू? बाईंना एकदा वर्दी शिवता शिवता सांगितलं, तर त्यांनी मला स्टुलावर बसवून सगळं विचारलं. नळ कुठल्या अंगाला, दिवा कुठला फुटका... आणि केली हो तशीच्या तशी! मागितली तर देईनात. म्हणाल्या, इथंच राहू द्या, येऊन बघत जा. नाशिकला आलो की बघून जायचो. त्या गाडीचं रूप जगात तेवढंच शे, भाऊ."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण तो माणूस इतक्या आशेने फळीकडे बघत होता... माझ्या तोंडून गेलं, "घराला रंग द्यायचाय म्हणून उचलून ठेवल्यात. रविवारी या." रविवारी संध्याकाळी तो गावी परत जाणार होता.

मग मी पिशवी घेऊन घरोघर फिरलो. दान दिलेलं परत मागायला. असं माझ्या घराण्यात कुणी केलं नसेल. ओझरला सुमनचा भाऊ राहतो, त्याच्या बायकोने दारातच तोंडाला पदर लावला. "दाजी, तेराव्याला दिलेलं परत न्यायचं असतं का? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोकांना मी तोंड देईन वहिनी, तुम्ही गाडी द्या." आतून मेव्हणा ओरडला, "दे गं! ताईचा नाय, दाजींचाच जीव अडकलाय त्यात." विहितगावच्या पुतण्याकडे ट्रक मिळाला, त्याची चाकं गेलेली. सुनेला ब्लाउजला बटणं पाहिजे होती. ती लाजून म्हणाली, "मामंजी, उसवून देऊ का?" मी नको म्हणालो. कुणी हसत दिली, कुणी पेपरात गुंडाळून अशी दिली की शेजारणीला दिसू नये. टँकर कुणाकडेच नव्हता.

शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या कमळाबाईंकडे गेलो. म्हाताऱ्या आहेत, सुमनच्या मैत्रीण. म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. घरात नात बाळंतपणाला आलेली, त्यात गेलेल्या माणसाची वस्तू. ती टाकीची गाडी मी रामकुंडावर गेले तेव्हा सोडली पाण्यात. चांगल्या मनाने सोडली हो, हात जोडून, सुमनचं नाव घेऊन." मी पंगतीत सोडली, त्यांनी गोदावरीत सोडली.

तरी रामकुंडावर गेलो. तिथे दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारे असतात. टँकरची टाकी पत्र्याच्या डबीची असणार, म्हणून एकाला विचारलं, चुंबकाला पत्र्याची डबी लागते का. तो म्हणाला, "काय पडलं बाबा? अंगठी?" मी म्हणालो, "टँकर." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जागा बदलून पुढे जाऊन बसला.

रविवारी हिरामण आला तो गावी नातवाला न्यायचे पेढे हातात घेऊन, धुतलेला शर्ट घालून. मिळाल्या तेवढ्या गाड्या मी फळीवर मांडल्या होत्या. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि परत पहिल्यापासून फिरवली. मी उभाच होतो. म्हणालो, "नाय त्यात तुमची. मी दान करून टाकली, ती रामकुंडात गेली. रंगाचं खोटं सांगितलं मी तुम्हाला."

तो खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. म्हणाला, "एवढं तरी सांगा भाऊ. मागचा जिना लावला होता का बाईंनी? टाकीवर चढायचा. मागच्या खेपेला आलो तेव्हा तेवढाच राहिला होता. म्हणाल्या, पुढच्या वेळी याल तेव्हा लावलेला असेल."

ती गाडी माझ्या डोक्यावर होती. रात्री उशाला, सकाळी डोळे उघडले की समोर. मी जन्मभर गाड्यांचीच चाकं काढली आणि घातली, आणि त्या गाडीला जिना होता का नव्हता हे मला सांगता येईना. "होता" म्हणालो असतो तर तो समाधानाने गेला असता. पण एकदा खोटं बोलून झालं होतं. मी म्हणालो, "मी बघितलंच नाय कधी." हिरामणने मान हलवली. चहा पूर्ण प्यायला, कप मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. पेढे इथेच राहिले.

आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी फळीवरची एकेक गाडी खाली घेतो आणि उजेडात धरून बघतो. परवा जीप घेतली. तिच्या मागे स्टेपनी लावलीय, ट्यूबच्या रबराची, आणि त्या स्टेपनीवर नखाएवढं पंक्चरचं ठिगळ आहे. रबर माझ्याच दुकानातलं. हे चिकटवताना ती भिंतीच्या या बाजूला बसली असेल आणि मी त्या बाजूला लोकांना भातुकली सांगत असेन... ठिगळ नीट घासून, कडा दाबून बसवलंय. मी बसवतो तसंच. तिने मला काम करताना किती वेळा बघितलं असेल, कोण जाणे.

जीप ठेवून मी डोळे मिटतो आणि टँकर आठवायला बघतो. हिरवा रंग आठवतो. गोल टाकी आठवते. मागच्या बाजूला काही दिसत नाही.