माणशी किती?

घरात शिरले की ते आधी माणसांकडे बघायचे नाहीत. त्यांची नजर चुलीशेजारच्या दुरडीवर जायची. भाकऱ्या किती आहेत, जाड की पातळ, वरची फाटलेली आहे का, हे बघून झालं की मग डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "बरं, माणशी किती?"

या प्रश्नामुळे सगळा तालुका त्यांना माणशीराव म्हणायचा. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते सांगितलं तर त्यांना ओळखणारा कुणी उरला असेल तोही चक्रावेल.

लढाईचे दिवस होते. धान्यावर कंट्रोल आला होता आणि कराडला सरकारी पुरवठ्याची एक कचेरी उघडली होती. मी तिथे कारकून, ते तपासनीस. वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. सांगलीकडच्या नदीकाठच्या गावातलं जैन शेतकरी घराणं, थोडं इंग्रजी शिकलेले, उरलेलं शिक्षण बांधावरचं. रेशनच्या कार्डावर नोंदलेली माणसं खरोखर घरात आहेत का, हे गावोगाव जाऊन पाहणं हे आमचं काम. माणसं किती भाकऱ्या खातात हे विचारायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आपल्या मनानंच विचारायचे आणि एका वहीत लिहून ठेवायचे.

"कशाला हा उपद्व्याप?" मी एकदा विचारलं.

"भाऊसाहेब, सरकार धान्य गोदामात मोजतंय," ते म्हणाले. "तोंडात किती गेलं ते कोण मोजणार?"

त्या वहीत गावांची पानं होती. एकेका पानावर वर्षं एकाखाली एक, आणि पुढे भाकऱ्या. पानावर खाली उतरावं तसे आकडेही उतरत गेलेले. शेवटी शेवटी तर नुसत्या आकड्यानं भागेना, म्हणून ते बाजूला शेरा लिहीत. 'चिंचोक्याचं पीठ मिसळलेलं.' 'बायका मागनं जेवतात, त्यांची विचारू नये.'

लोक खोटं सांगायचे, आणि खोट्याचे दोन प्रकार होते. एक, धान्य वाढवून मिळावं म्हणून कमी सांगणारे. दुसरे, अब्रू जाईल म्हणून जास्त सांगणारे. एका घरात धन्यानं छाती पुढे काढून सांगितलं, "माणशी चार, सायेब! वर भात." माणशीराव उठले, जात्याच्या पाळीवरून बोट फिरवलं आणि पिठाऐवजी धूळ लागलेलं बोट धोतराला पुसलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दोन लिवा. पण त्येच्यासमोर चारच म्हणा."

साताऱ्याच्या एका बैठकीत मोठ्या साहेबांनी सांगितलं की जिल्ह्यात दरडोई धान्य पुरेसं आहे, कागद तसं दाखवतात. आम्ही सगळे माना हलवत होतो. माणशीराव मागच्या बाकावरून उभे राहिले.

"साहेब, कराडच्या माणसानं चार भाकरी खाल्ल्या आणि म्हसवडच्यानं एकबी न्हाई खाल्ली, तर कागदावर दोघंबी दोन-दोन खाऊन ढेकर देत्यात."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. परतीच्या वाटेवर मी घाबरलेलो, आणि हे मात्र खिडकीतून सूर्य किती वर आहे ते बघत होते. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. गाडीतच डबा उघडला. दौऱ्यावर ते दुसऱ्याच्या घरचं अन्न कधी घेत नसत. "त्या घरातली एक भाकरी मी खाल्ली की कुणाची तरी कमी झाली," असं त्यांचं म्हणणं. चहासुद्धा नाही. लोकांना त्याचा राग यायचा.

आता ती गोष्ट सांगतो, जी आठवली की मला अजून त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं.

म्हसवडच्या अलीकडे एका गावात यशवदा नावाची म्हातारी राहत होती. एकटीच. मुलगा ग्यानू पलटणीत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. कार्डावर मात्र दोन नावं. पलटणीतल्या माणसाला सरकार तिकडे जेवायला घालतं, म्हणून त्याचं नाव घरच्या कार्डावर ठेवता येत नाही, असा नियम.

"आजी, ह्येच्या वाटणीचं धान्य कोण खातंय?" माणशीरावांनी विचारलं.

"कोणबी न्हाई."

"मग जातं कुठं?"

म्हातारीनं कोपऱ्यातल्या रांजणावरचं फडकं काढलं. आत कित्येक महिन्यांची ज्वारी. एक दाणा तिनं खाल्ला नव्हता. स्वतःच्या वाटणीवर तिची हाडं निघाली होती, आणि ग्यानूचा वाटा ग्यानू येईपर्यंत तसाच ठेवलेला. माणशीरावांनी हात घालून मूठ वर काढली. ज्वारी भुरभुरली. किडीनं दाणे पोकळ केले होते.

मी त्यांना तेव्हा प्रथमच चिडलेलं पाहिलं. "शेजारी पोरं चिंचोकं खात्यात आणि हितं धान्य किड्यांना घालतीयास? धान्य पोटात गेलं पायजे, आजी. रांजणात न्हाई."

त्यांनी कार्ड मागितलं, माझ्याकडची दौत घेतली आणि ग्यानूच्या नावावर रेघ ओढली. रेघ वाळेपर्यंत म्हातारी कार्डाकडे बघत राहिली.

महिन्याभरानं त्या गावाला पुन्हा जाणं झालं. पलटणीकडून कागद आला होता. ग्यानू बेपत्ता.

म्हातारी दारातच उभी होती. "तुमी माझ्या लेकाचं नाव कापलंसा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हितं कापलं, तवा तिकडंबी कापलं गेलं."

"आवं आजी, तसं नसतं..." मी मध्येच बोललो. माणशीरावांनी माझा दंड धरून मला गप्प केलं. टोपी काढून ते उन्हात उभे राहिले, म्हातारी आत जाऊन दार लावेपर्यंत.

त्यानंतर नाव कमी करायची वेळ आली की टाक माझ्याकडे सरकवायचे. "तुमी करा." का, ते मी विचारलं नाही. आणि दर महिन्याला, काम असो नसो, ते यशवदेच्या गावाला जायचे. तिच्या ओट्यावर जाऊन बसायचे. ती बोलायची नाही. एकदा तिनं ओटा झाडायला घेतला आणि ते बसले होते तेवढी जागा सोडून चहूबाजूंनी झाडून काढलं. हे त्यांनीच मला हसत सांगितलं. मग म्हणाले, "पण उठ म्हणाली न्हाई, भाऊसाहेब."

अशी दोनेक वर्षं गेली. लढाई संपली. आणि एके दिवशी दुपारी त्या गावचा कोतवाल कचेरीत आला. म्हणाला, "यशवदीचा ग्यानू आलाय. जपान्यांच्या कैदेत हुता."

माणशीराव उठले ते तसेच निघाले. मी मागे धावलो. मिळेल त्या गाडीनं आणि पुढे चालत आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. ओट्यावर एक माणूस बसलेला. बरगड्या मोजता येतील असा, डोळे खोल गेलेले. माणशीरावांनी कार्ड मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

मग सवयीनं वही उघडून त्यांनी विचारलं, "तिकडं माणशी किती देत हुते?"

"मूठभर भात," ग्यानू म्हणाला. "त्यात निम्मं पाणी. एका टमरेलाभवती आमी सात जण बसायचो. एक मेला. त्या दिशी सा जणांस्नी वाईच जास्त आलं." त्यानं तळहात उघडून बघितला. "आन् सायेब, आमास्नी बरं वाटलं."

माणशीरावांनी टाक खाली ठेवला. त्या पानावर त्यांनी काही लिहिलं नाही. वही मिटली आणि ग्यानूच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. तो माणूस पोरासारखा हुंदके देत होता.

म्हातारी आतून ताट घेऊन आली. दोन भाकऱ्या आणि ठेचा. ते तिनं माणशीरावांपुढे ठेवलं. "जेवा," एवढंच म्हणाली. दोन वर्षांत तिनं त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरी न जेवण्याचा नेम त्यांनी मोडला. मान खाली घालून, एक तुकडाही न ठेवता ते जेवले.

पुढे कंट्रोल उठला तशी आमची कचेरी आवरली. मला महसुलात घेतलं, ते गावी गेले. "या एकदा," म्हणाले. मी येतो म्हणालो. नोकरी, संसार, बदली यांत दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात सांगलीला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावाला गेलो.

धाकट्या भावानं दारातच माझ्याकडे बघितलं आणि मी काय ते समजलो.

"आण्णा दिवाळी झाल्यावर गेले," तो म्हणाला. "ताप आला, चार दिवसांत सगळं संपलं. तुमचं नाव लय काढायचे."

मला बसवेना. तो मला रानात घेऊन गेला. नदीच्या वरच्या अंगाला काळी जमीन, त्यात पुरुषभर उंच शाळू उभा होता. कणसं भरून आलेली. कणसांवर बसलेला पोपटांचा थवा आम्ही शिरताच उडाला.

"ही पेरणी आण्णानी सोता केली," भाऊ म्हणाला. "आमी नगं म्हणत हुतो. पाभर दुसऱ्याला धरू दिली न्हाई. उगवलेलं बघितलं त्यांनी, पोटरीत आलेलं, कणीस धरलेलं न्हाई बघितलं."

त्यानं चार कणसं मोडली, बांधावर आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, तळहातावर चोळून फुंकर मारली आणि हिरवा, गरम हुरडा माझ्या ओंजळीत ओतला. मी तसाच उभा होतो. वाऱ्यानं शाळूची पानं एकमेकांवर घासत होती आणि भाऊ म्हणत होता, "खावा की, पावणं. गार व्हायच्या आत खावा."