प्रेक्षकांच्या श्वासाचा आकडा

माझ्या नाटकात सासूचं काम करणाऱ्या बाईंनी मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, त्या सभेत साठ-सत्तर नाटकवाले होते. सगळे आपापल्या घरी, मोबाइलच्या पडद्यावर चौकोनात बसलेले. नाट्यगृहं बंद होऊन बरेच महिने झाले होते आणि ती पुन्हा कशी उघडायची यावर चर्चा चालली होती. बाई म्हणाल्या, "आमच्या निर्मात्यापासून सुरुवात करा. हॉल थंड राहावा म्हणून हा माणूस बाहेरची हवाच आत येऊ देत नाही."

तो निर्माता मी. मी उत्तर द्यायला लागलो, पाच मिनिटं ओरडत होतो. शेवटी बायको आतून येऊन म्हणाली, "कुणाला ऐकवताय? तुमचा माइक बंद केलाय त्यांनी."

तो राग अजून गेलेला नाही. मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. नाटकांची पोस्टरं चिकटवायला खळीची बादली घेऊन फिरलो, नेपथ्याचा टेम्पो हाकला, तिकीटखिडकीत बसलो आणि मग स्वतःचं नाटक काढलं. फुकट काही मिळालं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून. अशा माणसाचा आवाज कुणीतरी एक बटण दाबून बंद करतं, हे कसं विसरायचं?

पण नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली तेव्हा मलाच बाईंच्या दारात जावं लागलं. आमचं मालवणी नाटक बारा वर्षं चाललं ते त्यांच्या सासूमुळे. जावई कितीदा बदलले, लोकांच्या लक्षातही आलं नाही. सासू बदलली तर बुकिंग कोरं राहिलं असतं. आणि बाई मधल्या काळात आजारी पडून उठल्या होत्या. एक फुफ्फुस पूर्ण सावरलं नव्हतं. परळच्या त्यांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर चढताना त्या पहिल्यावर खुर्ची टाकून बसत.

घरी त्यांची मुलगी होती. ती एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या हवेची व्यवस्था बघते. तिने टेबलावर साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी ठेवली. डबीवर आकडा होता : सहाशे बारा.

"काका, हे जंतू मोजत नाही," ती म्हणाली. "माणसांनी सोडलेला श्वास मोजतं. आकडा जितका वर, तितका दुसऱ्याने सोडलेला श्वास तुम्ही परत आत घेताय."

मग तिने खिडकी लावली. आम्ही तिघं बोलत होतो आणि आकडा चढत होता. सातशे. साडेसातशे. मी मुद्दाम गप्प बसलो, तरी चढतच राहिला. मी खोलीत आहे एवढंसुद्धा त्या डबीला कळत होतं. खोली तीच, वास नाही, धूर नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि आमच्या छातीतून निघालेलं सगळं तिथे साठत होतं.

"हजार," बाई म्हणाल्या. "विंगेतल्या डबीत हजार दिसले की मी पाऊल पुढे टाकणार नाही. मध्यंतर नसलं तरी पडदा पाड."

"बाराशे," मी म्हणालो. तोंडाची सवय.

"हजार."

"अकराशे करा. भरल्या नाट्यगृहात हजार म्हणजे..."

"मेल्या, तुका काय वाटला, माझी फुफ्फुसा काय तुझ्या बापाशीची?"

हजारावर ठरलं. आयुष्यात प्रथमच समोरचा एक पैशानेही हलला नाही.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग, दादरला. मुलीने सकाळीच दोन्ही विंगांत कपाटाएवढी हवा गाळणारी यंत्रं उभी केली. बाल्कनीत एक डबी, खाली प्रेक्षकांत एक, बाईंच्या एंट्रीच्या विंगेत स्टुलावर एक. हजाराला त्या डबीचा दिवा लाल होणार होता. चौथी तिने माझ्या हातात दिली. "ही यंत्रं हवा गाळतात, नवी आणत नाहीत. नवी तुमच्या एसीच्या झडपेतून येणार. ती उघडी हवी." मी गच्चीवर जाऊन एसीवाल्याला सांगून आलो, झडप उघडी ठेव.

विंगेत नारळ फुटला. तिसरी घंटा झाली. मी नेहमीसारखा शेवटच्या रांगेमागे उभा राहिलो. तीस वर्षं मी प्रेक्षकांना असंच ओळखतो, पाठमोऱ्या खांद्यांवरून. पण त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, हसूही कापडात दबलेलं. वाटलं, नाटक पडतंय. मग हातातल्या डबीकडे लक्ष गेलं.

सासूने जावयाला पेज वाढायच्या प्रसंगाला लोक हसले आणि थोड्या वेळाने आकडा चढला. सातशे साठ. पुढच्या हशानंतर आठशे दहा. अनोळखी चारशे माणसं एका वाक्याला एकदम श्वास सोडतात आणि तो माझ्या तळहातावर येऊन उमटतो! मी इतकी वर्षं तिकिटं विकली ती याचीच, आणि ते कधी पाहिलंच नव्हतं. एवढा सुंदर आणि एवढा भीतिदायक आकडा मी दुसरा पाहिलेला नाही.

नऊशे वीस. नऊशे साठ. पहिला अंक संपायला अजून वीस मिनिटं होती.

मग मी माझ्या स्वभावाला धरून वागलो. मागच्या बोळातून विंगेत गेलो. मुलगी बाल्कनीतली डबी बघायला गेली होती, बाई रंगमंचावर होत्या. मी स्टुलावरची डबी उचलली आणि नेपथ्य आत आणायच्या मागच्या दाराशी नेली. दार बोटभर उघडं असतं. फटीशी धरली की आकडा पडेल, दिवा हिरवा राहील, अंक निभावून जाईल, एवढाच विचार.

आकडा पडला. आठशे, सहाशे, चारशे ऐंशी. बाहेर गल्लीत एक माणूस टेम्पो धूत होता. त्याच्याभोवती ती हवा नुसतीच वाहत होती, आणि मी चारशे लोकांना आणि त्या बाईला ती दहा पावलांवर नाकारत होतो. झडप उघडी असेल तर आकडा एवढा चढेलच कसा? डबी तिथेच खाली ठेवून मी गच्चीकडे पळालो.

"झडप?" मी एसीवाल्याला विचारलं.

"बंद केली ना शेठ. तिसऱ्या घंटेला."

"सकाळी काय सांगितलं होतं?"

"उघडी ठेव म्हणालात. ठेवली की, घंटेपर्यंत! घंटा झाली की झडप पाडायची, नाहीतर हॉल तापतो, ही तुमचीच ऑर्डर. किती वर्षं झाली."

शिवी ओठावर आली होती, पण कुणाला देणार? झडपेचा गंजका दांडा अडकला होता. दोघांनी लोंबकळून ओढला तेव्हा तो खाली आला आणि हवेच्या पत्र्याच्या नळातून दुपारची गरम हवा सूं करून आत शिरली.

खाली आलो तर बाई विंगेत रिकाम्या स्टुलासमोर उभ्या होत्या.

"डबी कुठाय?"

मी दाराशी जाऊन ती आणली. "मी नेली होती. हजार दिसू नये म्हणून. झडपही बंद होती. आत्ता उघडली."

बाईंनी ती माझ्या हातून घेतली. डबी स्टुलावर ठेवली. दोघंही तिच्यासमोर उभे राहिलो. ती दाराच्या हवेतून आलेली, म्हणून आकडा खालून चढायला लागला. सहाशे. आठशे. रंगमंचावर जावयाने एंट्रीचं वाक्य टाकलं, "सासूबाई!" बाई हलल्या नाहीत. नऊशे दहा. "ओ सासूबाई, येताय ना?" प्रेक्षक हसायला लागले. नऊशे पन्नास. जावई घाबरून खुर्च्या पुसायला लागला, लोक आणखी हसले. नऊशे ऐंशी.

त्यावर तो थांबला. मी श्वास धरून होतो. नऊशे ऐंशी. तेवढाच. मग नऊशे सत्तर. नऊशे पंचावन्न.

बाईंनी पदर खोचला. माझ्याकडे बघितलंही नाही. मास्क काढून माझ्या हातात दिला आणि प्रकाशात गेल्या.

"इलंय रे मेल्या! हवा खाऊक गेल्लंय!"

संहितेत नसलेल्या त्या वाक्याला नाट्यगृह कोसळलं. चारशे माणसं पोटभर हसत होती, आणि स्टुलावर आकडा खाली उतरत होता.