निर्भयतेच्या रकान्यातली फुली

ग्वाल्हेर स्टेशनवर दादांनी, माझ्या वडिलांनी, ना डबा दिला ना पाठीवरून हात फिरवला. घडी घातलेला एक कागद तेवढा हातात ठेवला. छप्पन साली मध्य प्रदेश हे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग आमची कचेरीही निघाली: कपाटं, फायली, टाइपरायटर आणि बावीस वर्षांची मी. स्टेशनाजवळच्या पडाव भागातले टांगे दिसेनासे झाले तशी मला धडकी भरली. मग तो कागद उघडला.

तुमच्यापैकी जे ग्वाल्हेरला, आपल्या लश्कर भागातच राहिले त्यांना दादा आठवत असतील. तिथल्या शिंदे की छावनी मोहल्ल्यातले निवृत्त सुभेदार. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि कवायत करून घ्यायला त्यांच्याजवळ मी एकटीच उरले. कागदावर त्यांनी फूटपट्टीने रकाने आखले होते: सत्य, निर्भयता, वक्तशीरपणा, मितभाषण. वर ध्येय लिहिलं होतं, पाच वर्षांत हेडक्लार्क. रोज संध्याकाळी बरोबरची खूण नाहीतर फुली करायची आणि महिनाअखेर तक्ता घरी धाडायचा. निघताना म्हणाले होते, "निर्भयतेत दहा फुल्या आल्या ना बेटा, तर मी घ्यायला येऊन जाईन. चिंता नको करू."

चिंता नेमकी त्याचीच होती. ग्वाल्हेरच्याच कंपू भागातल्या एका घरी माझं लग्न ठरवायला आई टपून बसली होती. परत गेले असते तर नोकरी संपली असती.

आणि मी तर पहिल्या दिवसापासून घाबरलेली. जबलपूरकडून, महाकोशलातून आलेले बाबू फटाफट इंग्रजीत नोटिंग करत, आमचं सगळं काम हिंदीत. ज्येष्ठता यादी लागायची होती, छाटणीची कुजबुज होती. साहेबांनी बोलावलं की मी आधी दाराबाहेर दोनदा पदर सारखा करी. मिळालेली क्वार्टर अर्धवट बांधलेली. भोवती माळ, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. घरी येऊन कुलूप काढताना किल्ली हातातून पडायची. मग पलंगावर बसून मी लिहायची: निर्भयता, बरोबर. सत्य, बरोबर. एका थापेसाठी दोन खुणा!

दोन महिने असेच गेले. "शाबास, तक्ता उत्तम," असं दादांचं कार्ड आलं आणि मला साहेबांपेक्षा त्या तक्त्याचीच भीती वाटायला लागली. गुण वाढवायला निघाले होते, वाढला होता फक्त खोटेपणा. तिसऱ्या महिन्यात निर्भयतेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फुल्या मारल्या. खाली लिहिलं: साहेबांची भीती वाटते, इंग्रजीची वाटते, दाराला आतून कडी नाही त्याची सगळ्यात जास्त वाटते. पण मला परत यायचं नाही. पत्र पेटीत टाकलं.

पुढच्या रविवारी सकाळी दादा दारात उभे. मी दार अडवलं.

"मी नाही येणार, दादा." आवाज इतका चढला की शेजारीण बाहेर आली.

"अगं, हट तर जरा," म्हणाले आणि पिशवीतून त्यांनी कडी, स्क्रू आणि पेचकस काढला. घामाघूम होऊन दुपारपर्यंत कडी बसवली. वाकडी बसली.

"आणि निर्भयता?" मी विचारलं.

"ती आली की कडी काढून टाक. तोवर लावत जा." संध्याकाळच्या गाडीने ते एकटेच परत गेले.

हेडक्लार्क मी पाच नाही, नऊ वर्षांत झाले. छावणीतलं घर आता भावाचं आहे. तिथली मुलं अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरतात आणि मला पाहुणीच्या कपात चहा देतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? भोपाळलाही मी अजून ग्वाल्हेरवालीच आहे. जिथे घाबरले असं कळवता येतं आणि तरी कुणी परत ओढून नेत नाही, ते माझं घर. दादा गेल्यावर असं कळवायला कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे, इथल्या भोपाळकरांना आणि तिथल्या ग्वाल्हेरकरांनाही: मी अजून भिते.