मावसोबांची पडजीभ

देवाने मॉरिशसभोवती समुद्र घातला तो केवळ माझ्या मावसोबांचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ग्रां बुआच्या उसाच्या मळ्यांवर ते सरदार, म्हणजे मजुरांचे मुकादम, होते. त्यांनी तोडणीच्या टोळीला हाक मारली की तिकडे शमें ग्रेनिए गावातली माणसंही दचकून कोयते उचलत. स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवताना फेऱ्या मारत, दाढी करताना गात आणि बसमध्ये जागा मिळाली तरी दारात उभं राहून ड्रायव्हरला रस्ता सांगत. पण खरा जीव गणपतीच्या झाकरीत. घुंगरू बांधून आम्ही फेर धरायचा, मध्ये ढोलकी आणि पहिली ओळ मावसोबांनीच उचलायची, मग फेराने ती घ्यायची. दुसऱ्या कुणी उचलली तर ते फेरातून निघून जात.

साठ सालच्या मोठ्या वादळाच्या आदल्या वर्षी, गणपती महिन्यावर आले असताना, त्यांची पडजीभ लांबून घशात लोंबू लागली. ओळ उचलली की ठसका. आमच्याकडे यावर पिढीजात इलाज आहे. टाळूवरच्या केसांची बट धरून वर खेचायची, की पडजीभ जागेवर. मावशीने पदर खोचला, हात उचलला आणि थबकली. मावसोबांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता!

“अवो, लग्नात होते तेवढे सांभाळले असतेत तर आज कामाला आले असते!”

“आयो! मग तुझे खेचू दे. नवराबायको एकच की!”

शेजारणीने मावशीची वेणी मनापासून खेचली. पडजीभ हलली नाही. मावशी मात्र अशी किंचाळली की पहिली ओळ तिलाच द्यावी, असं मला वाटून गेलं.

शेवटी मी त्यांना क्युरपिपच्या भुरभुर पावसात एका दोक्तेरकडे नेलं. “कापावी लागेल,” तो म्हणाला, “पण आवाज बदलू शकतो.”

मावसोबा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. “आणि आवाज गेला तर झाकरी कोण उचलणार रे?” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी हळू विचारलं.  मग खुर्चीत बसले आणि त्यांनी आ वासला.

कापल्यावर दोक्तेरने दहा दिवस मौन सांगितलं. बोलणाऱ्या मावसोबांपेक्षा मुके मावसोबा जास्त गोंगाटी निघाले. थाळी बडवून चहा मागत आणि प्यायलेला चहा नाकातून परत करत.

विसर्जनाच्या दुपारी नदीकाठी फेर धरला. ढोलकी घुमू लागली, ओळ काही येईना. सगळ्यांचे डोळे मावसोबांवर. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला तो सगळा नाकातून, सनईत माशी अडकल्यासारखा. कुणीतरी फिसकन हसलं. मावसोबांचा चेहरा पडला, एक पाय फेराबाहेर गेला.

“बघता काय? घ्या की ओळ!” मावशी आम्हा सगळ्यांवर ओरडली.

मी घेतली. माझा स्वभावच वाईट, म्हणून हुबेहूब नाकातून घेतली. माझ्यामागून सगळा फेर नाकातून गाऊ लागला. मावसोबांनी चमकून पाहिलं, बाहेर गेलेला पाय आत आपटला आणि दुसरी ओळ आणखी नाकातून उचलली.

पुढे कित्येक वर्षं पहिली ओळ त्यांनीच उचलली. गावातली पोरं तशीच नाकातून गायला शिकली. मागे भारतातून आलेले एक विद्वान पाहुणे ऐकून म्हणाले, “ही कोकणातली फार जुनी ढब दिसते.” मी गंभीरपणे मान डोलावली.

मावसोबा आता नाहीत. ढोलकी सुरू झाली की आम्हा सगळ्यांचे डोळे अजून त्यांच्या जागेकडे जातात. मग नाक वर करून मीच पहिली ओळ उचलतो.