दीडची एसटी

आमच्या तळेगावच्या खासगी दवाखान्याचा पाच वर्षांचा आराखडा लोणावळ्याला ठरला. भुशीच्या रस्त्यावरच्या हॉटेलात आम्ही दोन दिवस बसलो होतो. पहिलंच कलम असं की प्रत्येक पेशंटला फोनवर वेळ द्यायची, आणि त्याआधी आत सोडायचं नाही. टाळ्या मीच जास्त वाजवल्या. वीस वर्षं नर्स, मग व्यवस्थापक. गर्दीवर ओरडून घसा बसला होता माझा. राबवायचं कामही मीच मागून घेतलं.

पंधरा दिवस दवाखाना कसा शांत! डॉक्टर खूश, मी तर मारे हवेतच.

मग आंदर मावळातल्या लांबच्या वाडीवरची एक मावशी आली. मधुमेह, आणि पायाच्या अंगठ्याला जखम. वेळ तीनची आणि ही दहालाच हजर. तिला मी बाहेर बाकावर बसवलं. आत डॉक्टर मोकळे बसलेले मला दिसत होते. पण एकीला सोडलं की सगळे घुसतात, मला काय माहीत नाही? दुपारी पाहिलं तर बाक रिकामा. तिच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा 'गैरहजर'.

तिसऱ्यांदा जावयानं तिला रिक्षातून आणलं, तेव्हा अंगठा काळा पडला होता. तो काढावाच लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी तिच्यावरच चिडले, न दाखवता निघून का जात होता म्हणून.

"दीडची येष्टी गेली की मग चालत जायाचं," ती म्हणाली. "ह्या पायानं कुटं चालू, बाई?"

इथं घोडं पेंड खात होतं तर! लोणावळ्यात दोन दिवसांत एसटीचं नाव कुणी काढलं नव्हतं. आम्ही सगळे आपापल्या गाड्यांनी गेलो होतो. आणि मी? मी तर तिला समोर बसलेली बघत होते. बाहेर जाऊन एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? लाज वाटली. अजून वाटते.

अंगठा काढला. ती घरी निघाली, तेव्हा पुढच्या ड्रेसिंगची वेळ द्यायची होती. या वेळी मी तिच्याशेजारी बाकावर बसले आणि विचारलं, मावशी, तुम्हाला किती वाजता जमेल?

तिनं पट्टी बांधलेला पाय जरा मागं ओढला.

"तुमी सांगाल तवा," ती म्हणाली. "मी बसंन की बाहीर."