कोरडी राहिलेली सरी

अनसाक्काला तिच्या नवऱ्याची पत्रं मी पुरती वाचून दाखवली नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

लढाईची वर्षं होती ती. कुंडलला आमचा विहिरीवरचा ऊस होता आणि अनसाक्का त्यात कामाला होती. नवरा, शंकर, पलटणीत गेल्यावर उसाला पाणी पाजायचं गड्यांचं कामही तिनं अंगावर घेतलं. काचा मारून, खोरं घेऊन ती सरीच्या तोंडाशी उभी राही. पाणी शेवटाला पोचल्याशिवाय दुसऱ्या सरीचं तोंड उघडायची नाही. "मधीच तोडलं की शेवटचा ऊस उपाशी ऱ्हातोय," म्हणायची. तिची दहा वर्षांची शेवंता आमच्या घरी थोरल्या भावाचं तान्हं मूल कडेवर घेऊन हिंडायची. बदल्यात दोन वेळची भाकरी.

पत्र आलं की अनसाक्का ते आधी कपाळाला लावी, मग माझ्यापुढं धरी. मी सोप्यावर घोंगडीवर, ती खाली जमिनीवर. घरात साताऱ्याला शिकून आलेला मी एकटाच. मी वाचू लागलो की ती नुसती ऐकत नसे, बघत असे. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओळी तिला सऱ्यांसारख्या दिसत. माझं बोट एका ओळीवरून दुसरीवर गेलं की तिची मान हले.

शंकर पलटणीतच अक्षरं गिरवून शिकला होता. अक्षर थोराड, ओळी मोजक्या. एका पत्रात मधोमध त्यानं लिहिलं होतं, 'शेवंताला शाळेत घाल. कुणाच्या दारात राबायला ठेवू नको.' माझे वडील, आबा, शेजारीच सुपारी कातरत बसले होते. मी ती ओळ ओलांडली.

"धाकलं मालक, एक सरी कोरडी ऱ्हायली की वो."

"खोडलीय ती," मी म्हणालो.

तिनं कागद हातात घेऊन बघितला. खोडलेलं काही नव्हतं. तिनं घडी घातली, कनवटीला खोचली आणि उसाकडं गेली.

आबांची भीती वाटली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. कामाच्या बाईची पोर शिकून करणार काय, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. शिवाय ती शाळेत गेली तर तान्हं कुणी सांभाळायचं? पुढच्या पत्रांतूनही शंकर विचारत राहिला, मी ओलांडत राहिलो. उत्तरंही मीच लिही. 'शेवंता खुशाल आहे.' दीड वर्ष असं चाललं.

मग एका जूनमध्ये अनसाक्का एकटीच कामावर आली.

"पोर कुठाय गं?" आबांनी विचारलं.

"साळंत घातली, मालक."

"आं? शिकून काय मामलेदारीण हुणार हाय व्हय? पाणी शेवटी उताराकडंच जातंय, अनसा."

"जातंय की, मालक. म्हणून तर मोट हाय."

मोटेवरचा गडी तिथंच होता. तो खो खो हसला आणि आबांनी बघताच खोकू लागला. अनसाक्का माझ्याकडं वळली. "धाकल्या मालकास्नी कागुद वाचायचा लय तरास हुतोय. घरचंच वाचणारं माणूस केलेलं बरं."

आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

शंकरची ओळ तिनं न ऐकताच पाळली. पुढं दोन वर्षांनी शेवंतानं गाडग्यात जपलेली सगळी पत्रं काढून आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी मी बांधावरून चाललो होतो. अनसाक्कानं खोरं टेकवलं. "धाकलं मालक, पाणी पोचलं बरं का, शेवटपत्तोर." बस्स. ना कधी तिनं तो विषय पुन्हा काढला, ना आबांच्या कानावर घातला.

शंकर सुखरूप परतला. शेवंता शिकत गेली. आज ती वाईला शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी तिनं आईला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मी भेटायला गेलो. खुर्चीवर शेवंताच्या तपासायच्या वह्यांचा ढीग होता. मी उभाच.

"आवं, बसा की खाटंवर," अनसाक्का म्हणाली. "हितं समद्यांस्नी एकाच उंचीची खाट हाय."

मी बसलो. ती माझ्याकडं बघत राहिली, पूर्वी कागदाकडं बघायची तशी. "ती कागदं अजून हायती बरं का गाडग्यात."

एवढी मोठी वाट तिनं मोकळी करून दिली. आणि मी काय विचारलं? दूध घेतलं का.

आठच दिवसांत ती गेली.

शेवंताशी मी अजून काही बोललेलो नाही. तिचं दीड वर्ष मी घेतलं, ते परत देता येत नाही. ती ओळ मात्र अजून वाचता येईल. वाईला जाऊन, शेवंतासमोर खाली बसून, ती मोठ्यानं वाचायची माझ्याकडून राहिली आहे.